वाचकांचे प्रश्न : शिंका, चोंदलेलं नाक आणि पंपाची भीती

गणपती उठले की आमच्या ओपीडीत शिंकांचा सीझन सुरू होतो, मग घटस्थापनेची साफसफाई, दिवाळीचे फटाके, पहिली थंडी असं करत तो पार डिसेंबरपर्यंत चालतो. त्यामुळे या वेळची बहुतेक पत्रं नाकाची आणि छातीचीच आहेत. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती, ज्या औषधाला घाबरायचं फारसं कारण नाही त्याला घरंच्या घरं घाबरून असतात आणि ज्याला जपून हात लावायला हवा ते मेडिकलमधून चिवड्याच्या पुडीसारखं आणतात. तुमचा डोस मी इथून ठरवू शकत नाही, तो तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचा, पण कुठलं औषध काय करतं एवढं तर सांगता येईल.

प्रश्न : पाऊस ओसरला की मला सकाळी उठल्या उठल्या शिंकांचा सपाटा सुरू होतो, डोळे खाजतात, नाक गळतं आणि रात्री चोंदतं. आमच्या सोसायटीमागे मोकळा प्लॉट आहे, सगळं गाजर गवत. मी लेव्होसेट्रिझिन घेते पण ऑफिसात डोळे मिटायला लागतात आणि चोंदलेलं नाक तर त्याने उघडतच नाही. गोळी बदलू का? (एक वाचक, हडपसर)

गाजर गवत म्हणजे तुमच्या पुण्याचीच देणगी हो, भारतात ते पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते १९५० च्या दशकात पुण्यातच, आणि त्याचे परागकण नाकाला आणि कातडीला दोन्हीकडे छळतात.

आता गोळीचं. ॲलर्जीत शरीरात हिस्टामिन सुटतं, त्याने खाज, शिंका आणि पाणी येतं, आणि ही गोळी त्या हिस्टामिनला अडवते. जुन्या गोळ्या म्हणजे एव्हिल किंवा सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत असतं ते क्लोरफेनिरामिन, या थेट मेंदूत शिरतात म्हणून गुंगी येते. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिन त्यामानाने बऱ्या, पण काही जणांना त्यांनीही झोप येते आणि तुम्ही त्यातल्याच दिसताय. रात्री घेऊन बघा, तरी सकाळी जड वाटत असेल तर फेक्सोफेनाडिनबद्दल डॉक्टरांना विचारा, त्याने झोप जवळजवळ येतच नाही. फक्त ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या ज्यूसबरोबर घेतली तर ती आतड्यातून नीट शोषलीच जात नाही आणि मग लोक म्हणतात गोळीत दम नाही.

पण तुमचा खरा प्रश्न चोंदण्याचा आहे आणि तिथे ही गोळी कमीच पडणार. चोंदतं ते आतल्या सुजेमुळे, त्यावर फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकातला स्प्रे लागतो. स्टिरॉइड आहे म्हणून दचकू नका, नाकापुरता अगदी थोडा असतो. लोक फसतात ते दोन ठिकाणी. एक तर दोन दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देतात, त्याला पूर्ण काम करायला एक-दोन आठवडे लागू शकतात, म्हणून दरवर्षी त्रास होतो त्यांनी सीझनच्या थोडं आधीच सुरू केलेला बरा. दुसरं म्हणजे मारायची पद्धत. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डावीत उजव्या हाताने, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न जाता बाहेरच्या बाजूला जातो. पडद्यावर मारत राहिलात की रक्त येतं आणि मग औषध वाईट ठरतं.

आणि हो, सेट्रिझिन किंवा लेव्होसेट्रिझिन महिनोन्महिने रोज घेऊन एकदम बंद केली तर काहींना अंगभर जबरदस्त खाज सुटते. क्वचितच होतं, पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मे २०२५ मध्ये तसा इशाराही दिलाय. तसं झालं तर ॲलर्जी वाढली असं समजून घाबरू नका, डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : नाकात टाकायचे थेंब दोन वर्षं वापरतोय. आधी रात्री एकदा, आता दर तीन तासांनी. बाटली खिशात नसेल तर जीव घाबरा होतो. हे व्यसन आहे का? (एक वाचक, नागपूर)

नशेसारखं व्यसन नाही, पण नाक मात्र अडकलंय खरं. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून नाक मिनिटांत मोकळं होतं आणि माणूस खूश. असर उतरला की त्याच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, की परत थेंब, परत फुगणं. म्हणून हे थेंब तीन दिवस, फार तर पाच, त्यापुढे नकोच. बाटलीवर लिहिलेलं असतं पण इतक्या बारीक अक्षरात की वाचतंय कोण.

सुटका होते, नक्की होते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून स्टिरॉइडचा स्प्रे सुरू करतात आणि थेंब बंद करतात, कोणी एकदम, कोणी आधी एका नाकपुडीत बंद आणि ती मोकळी झाली की दुसरीत. पहिला आठवडा वाईट जातो, झोपेचे हाल होतात, मिठाच्या पाण्याने नाक धुतलं की थोडं सुसह्य होतं (पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं नको). बीपी असेल तर तेही एकदा मोजून घ्या, हे थेंब जास्त वापरले तर ते वाढू शकतं. आणि मुळात नाक का चोंदत होतं तेही बघायला हवं, पडदा वाकडा आहे की ॲलर्जी की आणखी काही, नाहीतर पुन्हा त्याच बाटलीवर याल.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, दमा आहे असं सांगितलंय. डॉक्टरांनी पंप दिलाय पण सासूबाई म्हणतात पंपाची सवय लागते, मूल खुंटतं, एकदा लागला की जन्मभर. म्हणून आम्ही फक्त सिरप देतो, आणि जास्त झालं की जवळच्या डॉक्टरांकडून छोट्या पांढऱ्या गोळ्या आणतो, त्याने एका दिवसात बरं वाटतं. सिरप घेतल्यावर त्याचे हात थरथरतात आणि रात्री खूप दंगा करतो. चाललंय ते ठीक आहे ना? (एक आई, नाशिक)

ताई, स्पष्ट सांगते, उलटं चाललंय. रागवत नाहीये, माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी घरांत हेच असतं.

तुमच्या सिरपमध्ये बहुतेक साल्ब्युटामॉल आहे, म्हणजे श्वासनळी सैल करणारं औषध, हात थरथरणं आणि रात्रीचा दंगा त्याचाच. ५ मिली सिरपमध्ये साधारण २ मिलिग्रॅम म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध असतं. तेच औषध पंपाच्या एका दाबात असतं १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एक चमचा सिरप म्हणजे पंपाचे वीस दाब पोटात, आणि पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरून मग थोडंसं फुफ्फुसात. पंपाचं औषध पाच मिनिटांत काम करायला लागतं, सिरपला अर्धा तास तरी लागतो. आता सांगा, जड औषध कुठलं?

त्या छोट्या पांढऱ्या गोळ्या बहुधा बेटनेसॉल किंवा तसलं काहीतरी असणार, म्हणजे तोंडाने घ्यायचं स्टिरॉइड. जोराचा अटॅक आला तर तीन ते पाच दिवस तोंडाने स्टिरॉइड देतात आणि तेव्हा ते जीव वाचवतं, त्याला माझा विरोध नाही. पण दर महिन्याला न सांगता, न मोजता आणून द्यायचं म्हणजे मुलाची वाढ, हाडं, साखर, सगळ्याशी खेळ. आठ वर्षांच्या मुलाला अटॅकमध्ये प्रेडनिसोलोन (तोंडाने घ्यायचं स्टिरॉइड) दिलं तर रोजचं २०-३० मिलिग्रॅम होतं, आणि रोजच्या पंपातलं ब्युडेसोनाइड (हेही स्टिरॉइडच, पण ओढून घ्यायचं) दिवसाला २०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका मिलिग्रॅमचा पाचवा हिस्सा. औषधं वेगळी आहेत त्यामुळे थेट तुलना होत नाही, तरी अंदाज आला ना.

सासूबाईंचं एक मात्र अगदीच चूक नाही. वर्षानुवर्षं स्टिरॉइडचा पंप घेतलेल्या मुलांची शेवटची उंची सरासरी एखादा सेंटिमीटर कमी भरते असं अभ्यासात दिसलंय. हे लपवण्यात अर्थ नाही. पण दमा मोकाट सोडला तर मूल खेळत नाही, झोपत नाही, शाळा बुडते आणि वाढ त्यानेही खुंटते. जन्मभराचं म्हणाल तर दमा टिकतो म्हणून पंप टिकतो, आणि बऱ्याच मुलांचा दमा वयात येताना ओसरतो, तेव्हा डॉक्टर पंप कमी करत आणतात.

पंप घ्यायचा तर स्पेसर लावूनच, तो प्लास्टिकचा फुगीर डबा असतो ना तो. नुसता तोंडात मारला तर निम्म्याहून जास्त औषध घशावर आपटतं. पंप हलवायचा, एक दाब, मुलाने सावकाश श्वास घ्यायचा आणि दहापर्यंत रोखायचा, नंतर चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरं बुरशीसारखं येतं. आणि चुकून कॅप्सूलवालं यंत्र दिलं असेल, रोटाहेलर, तर तिथे उलट जोरात ओढायचं, आणि ती कॅप्सूल गिळायची नसते, हे मुद्दाम लिहितेय कारण गिळणारे भेटतात. गावाला गेलात, स्पेसर विसरलात आणि खोकला भडकला तर अर्ध्या लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, कडेने घट्ट बंद करून, तिच्या तोंडातून श्वास घेता येतो. गंमत नाही, दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मुलांवर हे तपासून दाखवलंय.

प्रश्न : वय ६४, निवृत्त शिक्षक. तीस वर्षांचा दमा. निळा पंप दिवसातून सहा-सात वेळा लागतो, जोडीला डेरिफायलिन. गेल्या महिन्यात लघवीच्या इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक दिलं आणि तिसऱ्या दिवशी मळमळ, उलट्या, छातीत धडधड. हार्टचं असेल का? (कोल्हापूर)

सर, आधी ईसीजी काढून घ्या, या वयात धडधड अंदाजावर सोडायची नाही. पण अँटिबायोटिकचं नाव बघा, सिप्रोफ्लॉक्सासिन होतं का? डेरिफायलिनमध्ये थिओफायलिन असतं, त्याचा उपयोगाचा डोस आणि बाधणारा डोस एकमेकांच्या अगदी जवळ, आणि सिप्रो ते शरीरातून बाहेर पडूच देत नाही. दोन्ही एकत्र आली की मळमळ, धडधड, वाईट झालं तर झटकेसुद्धा. त्यामुळे कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पट्टीच दाखवायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनासुद्धा, कारण काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब दमेकऱ्याची छाती आवळू शकतात, आणि थेंबच तर आहेत म्हणून ते कोणी सांगत नाही.

माझी खरी काळजी मात्र निळ्या पंपाची, म्हणजे साल्ब्युटामॉलच्या पंपाची आहे. तो श्वासनळीचे स्नायू सैल करतो, चार-सहा तास बरं वाटतं, आतली सूज तशीच वाढत राहते. दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं, ज्यांना जिना म्हणतात, त्यांनी २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर दमेकरी ठेवू नका असं सांगितलंय. वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो, बारा संपत असतील तर जिवाचाही. तुमचा हिशोब करू, एका पंपात २०० दाब, एका वेळी दोन दाब धरले तर दिवसाचे बारा-चौदा, म्हणजे पंधरा दिवसांत पंप संपतो, वर्षाला चोवीस. हे या आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं प्रकरण आहे, पुढच्या महिन्यातलं नाही. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप बहुतेक सुचवतील, तो रोजही घेता येतो आणि दम लागला तर तेव्हाही, कारण फॉर्मोटेरॉल मिनिटांत काम करतं.

प्रश्न : मुलीला मॉन्टेलुकास्टची गोळी सुरू केल्यापासून ती रात्री किंचाळत उठते, दिवसा चिडचिड. गोळीमुळे असू शकतं? (ठाणे)

असू शकतं. एफडीएने मार्च २०२० मध्ये याच कारणासाठी त्या गोळीवर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित जीव द्यायचे विचार. सगळ्यांना होत नाही, पण तुमच्या मुलीला होतंय असं दिसतंय तर आजच डॉक्टरांना फोन करा, नुसती नाकाची ॲलर्जी असेल तर ही गोळी बहुतेक वेळा टाळता येते.

प्रश्न : कोळंबी खाल्ली की ओठ सुजतात, मागच्या वेळी आवाज बसला आणि चक्कर आली. एव्हिल घेतली, तासाभरात उतरलं. आता एव्हिल पर्समध्येच ठेवते. पुरेल ना? (मालवण)

नाही पुरणार, आणि मागच्या वेळी तुम्ही नशिबाने वाचलात. आवाज बसणं आणि चक्कर म्हणजे घसा सुजत होता आणि बीपी उतरत होतं. एव्हिल खाज कमी करते, घसा उघडत नाही, बीपी चढवत नाही. त्यावर एकच औषध, ॲड्रेनालिन, मांडीच्या स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, आणि तेही लगेच. परदेशात त्याचं पेनासारखं तयार इंजेक्शन पेशंट जवळ बाळगतात, आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून तसं पुन्हा झालं तर आडवं व्हायचं, पाय उंच, आणि कोणाला तरी १०८ लावायला सांगायचं किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगायचं, ॲड्रेनालिन तिथे असतं. धाप लागत असेल तर टेकून बसलं तरी चालेल, उभं राहून चालत मात्र जायचं नाही. कोळंबी बंदच, आणि कोळंबीच्या कढईत तळलेला बांगडाही नको. दम्याचाही त्रास असेल तर ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे आधी जा, अशा लोकांना हे जास्त जोरात होतं.

प्रश्न : पंप संपलाय की नाही हे पाण्यात टाकून बघतात ते बरोबर का? (एका वाचकाची चिठ्ठी, गाव लिहिलेलं नाही)

नाही, तरंगला काय आणि बुडाला काय, त्यावरून काही कळत नाही, वर तोंडाशी पाणी जाऊन पंप अडकतो. नुसता वायू राहिला तरी फुस्स आवाज येतच राहतो, त्यामुळे आवाजावरही जाऊ नका. आकडा दाखवणारे पंप आता मिळतात, तो घ्या, नाहीतर नवीन पंप उघडला त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख टाका आणि २०० ला रोजच्या दाबांनी भागा. रोज चार दाब असतील तर पन्नासाव्या दिवशी संपला, मग आवाज येवो न येवो.