रिपोर्ट नॉर्मल, मग धाप का लागते?

प्रश्न : कोविड झाला तेव्हा ताप चार दिवसांत उतरला, ॲडमिट व्हावं लागलं नाही. त्याला आठ महिने झाले. तरी एक जिना चढले की धाप लागते, बोलताना साधे शब्द आठवत नाहीत. एक्स-रे, ईसीजी नॉर्मल. घरचे म्हणतात, मनाचे खेळ. माझ्यामुळे मुलांना लागण होईल का?

उत्तर : आधी मुलांचं. हा विषाणू पसरतो तो प्रामुख्याने लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून पुढे आठवडाभर. माणूस ठणठणीत दिसत असतानाच श्वासावाटे विषाणू बाहेर पडतो, म्हणून तर तो जगभर आवरेना. त्या आजारपणाची लागण आता तुमच्यापासून होणार नाही. मुलांना खुशाल जवळ घ्या.

राहिले मनाचे खेळ. घरच्यांना हे मोठ्याने वाचून दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या त्रासाची, म्हणजे लाँग कोविडची, व्याख्या केली : लागणीनंतर साधारण ३ महिन्यांनी लक्षणं असणं, ती किमान २ महिने टिकणं आणि दुसरं कारण न सापडणं. मूळ आजार गंभीरच हवा, अशी अट त्यात नाही. लाँग कोविड पकडणारी एकच एक तपासणीही नाही. मात्र ‘दुसरं कारण’ शोधायला हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर बघितलीय ना?

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. बरं वाटलं म्हणून कपाट आवरायला काढलं आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरलं, असं होतं का? होत असेल तर ‘रोज थोडं वाढवा, स्टॅमिना येईल’ हा सल्ला कानाआड करा. दमायच्या आधी थांबायचं. आंघोळसुद्धा स्टुलावर बसून.

कुणीतरी जवळ असताना हे करून पाहा. दहा मिनिटं पडून राहा, नाडी मोजा. मग उठून उभ्या राहा आणि दहा मिनिटं अधूनमधून मोजत, लिहीत राहा. ठोके मिनिटाला ३० किंवा जास्त वाढून तसेच राहिले, तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. त्यावर औषधं आहेत. चक्कर आली तर लगेच बसा.

छातीत दुखलं किंवा एकाच पायाला सूज आली, तर मात्र लाँग कोविड म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि ते ताकदीचं सलाइन कुणी सुचवलं, तर पैसे वाचवा.