व्हिक्टोरियन गावात मुलांना काय दाखवावे?

प्रश्न : इंग्लंडमध्ये आयर्नब्रिजजवळील ब्लिस्ट्स हिल हे व्हिक्टोरियन गाव (व्हिक्टोरिया राणीच्या काळातील गावासारखे मांडलेले खुले संग्रहालय) मुलांसह पाहणार आहोत. जुन्या पोशाखांतील माणसांपलीकडे तिथे काही शिकण्यासारखे आहे का?

उत्तर : निश्चितच आहे. हे गाव काही मूळच्या, काही इतर ठिकाणांहून हलवलेल्या आणि काही नव्याने उभारलेल्या इमारतींचे असले, तरी तेथील झोतभट्ट्यांचे (हवेचा झोत सोडून लोखंड गाळण्याच्या भट्ट्यांचे) अवशेष मूळ जागीच आहेत, आणि माझ्या मते पाहणीची सुरुवात तेथूनच करावी. 1709 मध्ये जवळच्या कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी यांनी लाकडी कोळशाऐवजी कोक (दगडी कोळशापासून बनवलेले इंधन) वापरून लोखंड गाळले. त्यामुळे लोखंडाचे उत्पादन जंगलतोडीवर अवलंबून राहिले नाही आणि पुढे त्याच परिसरात 1779 मध्ये ओतीव लोखंडाचा पूल उभा राहू शकला. हा पूल व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या (1837 ते 1901) कितीतरी आधीचा आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

गावातील बँकेत आजचे पैसे देऊन जुन्या पद्धतीची नाणी घेता येतात. बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हा हिशेब ब्रिटनमध्ये 1971 पर्यंत चालू होता. तो मुलांनाच करू द्यावा.

मात्र सजवलेल्या दुकानांमुळे तो काळ केवळ रम्य होता असा समज होऊ देऊ नये. दहा वर्षांखालील मुलांना आणि सर्व स्त्रियांना खाणीत भूमिगत कामास मनाई करणारा कायदा 1842 मध्ये करावा लागला, एवढी एकच गोष्ट आपल्या मुलांच्या वयाशी जोडून सांगितली, तर भट्टीच्या भिंतींमागचे कष्ट त्यांना समजतील.