कोळशाच्या खाणी बंद पडून ओस पडलेली गावं जपण्यात काय अर्थ आहे?

अर्थ आहे. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की जपानमधल्या हाशिमा या खाण बंद पडून ओस पडलेल्या बेटाचे फोटो पाहिले, 'पडक्या इमारतींपलीकडे काही दिसलं नाही, मग जपायचं तरी काय?' साधारण याच अर्थाचं मी स्वतःच्या घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी भुसावळचा. आमच्या जमिनीत कोळसा नाही, पण घर कोळशावरच चाललं. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाफेच्या इंजिनावर आगवाले होते. पाळी संपवून आले की मोरीत आधी अर्धा तास त्यांचे हात चालायचे. साबणाचा फेस काळा व्हायचा तो पांढरा होईपर्यंत आई तांब्याने पाणी ओतत राहायची. नखांच्या कडेची काळी रेघ मात्र रिटायर झाल्यावरही गेली नाही.

कोळसा टाकणं म्हणजे नुसतं फावडं रिकामं करणं, असं लोकांना वाटतं. अण्णा अंगणात मातीवर भट्टीचा चौकोन आखून दाखवायचे. मागच्या दोन कोपऱ्यांत दाट, कडेने दाट, मध्ये पातळ. मध्ये ढीग झाला की आग गुदमरते, धुराड्यातून काळा लोट निघतो, वाफ पडते आणि चढावर गाडी धापा टाकते. फावडं दाराच्या कडेला टेकवून मनगटाने जरासं फिरवायचं, म्हणजे कोळसा पंख्यासारखा पसरतो. हे चालत्या इंजिनावर, पायाखाली सगळं हलत असताना, समोर भट्टीचा जाळ आणि पाठीला पावसाचा सपकारा, असं. हिवाळ्यात इंजिनांच्या शेडमध्ये (लोको शेड) आग मंद असली की बामणोदची भरताची वांगी फावड्यावर ठेवून आत सरकवायचे. डबा घेऊन गेलो की ती वांगी मी खाल्ली आहेत. काटक्यांवर भाजलेल्या वांग्याला वेगळी चव असते, ह्याला वेगळी. ती पुन्हा मिळाली नाही.

पुढे इगतपुरीकडून विजेच्या तारा आल्या, वाफेची इंजिनं हळूहळू कमी झाली, आणि १९९५ च्या डिसेंबरात देशातल्या ब्रॉडगेजवरून नेहमीची वाफेची गाडी कायमची गेली. भुसावळ ओस पडलं नाही, विजेवर चालू राहिलं. पण आगवाला हे कामच संपलं, आणि त्याच्यासोबत ते सगळं शिक्षण.

अण्णांनी शेडमधून मोडीत निघालेलं एक फावडं घरी आणून ठेवलं होतं. दांडा मधोमध झिजून बारीक झालेला, कारण उजवा हात तिथेच सरकायचा. पात्याचा डावा कोपरा तर अर्धा इंच खाल्लेला. अण्णा गेल्यावर दहाव्याच्या आत मोठ्या भावाने ते भंगारवाल्याला देऊन टाकलं, जुनी सायकल आणि पितळी बंब यांच्याबरोबर. मी विचारलं तर म्हणाला, "बापनी सारी जिंदगी कोयसामा गई. तेनं काय कौतिक करस तू?" आम्ही मूळचे पारोळ्याकडचे, घरात अहिराणी. त्या दिवसापासून हा वाद चालू आहे.

आता हाशिमा. सहा-साडेसहा हेक्टरचं बेट. १८९० मध्ये मित्सुबिशीने घेतलं, १९१६ मध्ये जपानमधली काँक्रीटची पहिली मोठी निवासी इमारत तिथे उभी राहिली, १९५९ मध्ये त्यावर ५,२५९ माणसं राहत होती. खाण समुद्राच्या तळाखाली. जपान पेट्रोलियमकडे वळला, जानेवारी १९७४ मध्ये खाण बंद झाली आणि एप्रिलपर्यंत बेट रिकामं. २००९ मध्ये पर्यटकांना उतरू द्यायला लागले, २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. तुम्हाला फोटोत फक्त पडक्या भिंती दिसल्या यात तुमची चूक नाही, कारण फोटो त्यांचेच काढले जातात. पण दुसऱ्या महायुद्धात कोरियन आणि चिनी माणसांना त्या खाणीत जबरदस्तीने राबवलं, ती बाजू नीट सांगितली नाही म्हणून २०२१ मध्ये युनेस्कोच्या समितीने जपानबद्दल तीव्र खेद नोंदवला. इमारत जपली आणि राबणारा माणूस गाळला, तर ते जपणं खोटं आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे वरोऱ्याचंच घ्या. एकोणिसाव्या शतकात तिथे सरकारी कोळसा खाण होती, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वे टाकली. आज वरोरा म्हटलं की बाबा आमट्यांचं आनंदवन आठवतं, आणि ते योग्यच आहे, पण खाणीत उतरलेल्या माणसांपैकी एकाचं तरी नाव गावात कोणी सांगेल का?

म्हणून जपायचंच असेल तर भिंतींच्या आधी हजेरीपटातली नावं जपा. टोपीवरचा दिवा, हजेरीचा बिल्ला, पाळीच्या भोंग्याची वेळ, आत उतरताना माणसं काय म्हणायची ते शब्द. म्हातारे आहेत तोवर त्यांच्यासमोर फोन ठेवा आणि बोलू द्या. काँक्रीटला समुद्राचं मीठ खातंच, पण रेकॉर्ड केलेला आवाज तरी उरतो.

हेही सांगायला हवं, की बंद खाणीच्या परिसरात फोटोसाठी शिरू नका. जमीन खचते, आत वायू साठलेला असतो. शिवाय लोको शेड म्हणजे खाण नव्हे, हे मला कळतं. जमिनीखाली मेलेल्यांचं दुःख मी माझ्या फावड्याशी तोलत नाही. आणि भाऊ अगदीच चुकीचा होता असंही नाही. अण्णांचा रात्रीचा खोकला त्याने माझ्याआधी दहा वर्षं ऐकला. त्याला त्या फावड्यात तो खोकला दिसत असणार.

पण मग खोकल्याचीही आठवण ठेवायला काहीतरी हवं होतं ना. गेल्या दिवाळीत त्याच्या नातवाने विचारलं, पणजोबा काय काम करायचे. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मी अंगणात काडीने चौकोन आखला, कोपरे दाट, मध्ये पातळ. फावडं म्हणून घरातला सराटा, म्हणजे उलथणं, घेतला. पोराने तो मनगटातून फिरवून बघितला. भावाने उठून त्याचा हात धरला आणि म्हणाला, असं नाही, डाव्या हाताने खालून.