मंत्री संसदेत २६ आठवड्यांच्या बाळंतपणाच्या रजेला महिलांना न्याय म्हणतात, मग खाजगी कंपनीतल्या बापाला एकही दिवस का नाही? आणि यामुळे मुलींनाच नोकरी मिळेनाशी झाली ते कोण बघणार?

दादा, प्रश्न दोन आहेत आणि खाली तुम्ही लिहिलंय की मिसेस सातव्या महिन्यात आहेत, अंबडलाच कंपनीत आहेत, म्हणून नुसतं राजकारण न लिहिता जरा सविस्तर लिहिते. मी पण नाशिकच्या याच कारखान्यांच्या पट्ट्यात एचआर, म्हणजे भरती-रजांचं काम, बघते, आधी सातपूर आता अंबड, त्यामुळे दिल्लीत मंत्री जे बोलतात त्याचं गेटच्या आत येईपर्यंत काय होतं ते रोज दिसतं.

आधी ते भाषण. ९ मार्च २०१७ ला लोकसभेत मातृत्व लाभ कायद्याची दुरुस्ती पास झाली, राज्यसभेत आदल्या ऑगस्टमध्येच झालेली होती. कामगार मंत्री होते बंडारू दत्तात्रेय. १२ आठवड्यांचे २६ केले, दोन मुलं आधीच असतील तर १२ च राहिले, ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर सक्तीचं. महिला दिन आदल्याच दिवशी झालेला, म्हणून मंत्री म्हणाले की ही माझ्याकडून महिलांना छोटीशी भेट आहे, साधारण १८ लाख महिलांना फायदा होईल असंही सांगितलं. आता न्याय हा शब्द काय हवेत नाही, घटनेच्या कलम ४२ मध्येच लिहिलंय की कामाची परिस्थिती न्याय्य आणि माणुसकीची असावी आणि प्रसूतीसाठी सरकारने तरतूद करावी. तेवढं बरोबर. पण भेट मंत्र्यांची आणि बिल मालकाचं, इथे सगळा घोळ आहे बघा.

हिशोब करून सांगते. एखाद्या मुलीचा पगार २८ हजार आहे. २६ आठवडे म्हणजे सहा महिने धरा, १ लाख ६८ हजार झाले, शिवाय तिच्या जागी बदली माणूस घ्यायचा त्याचा पगार वेगळा. चौदा-पंधरा जणांचं युनिट असलेला शेठ हा आकडा कॅल्क्युलेटरवर काढतो आणि पुढच्या इंटरव्ह्यूला मुलगी समोर बसली की तिचा बायोडाटा उलटा ठेवून विचारतो, लग्न झालंय का, मिस्टर काय करतात, पुढचं प्लॅनिंग काय. मी शेजारी बसलेली असते. प्लॅनिंग शब्दाला मुलगी एकदा माझ्याकडे बघते, आणि मग खोटं बोलते. नाकारल्याचं कारण फाईलवर कधीच ते नसतं, "एक्सपिरियन्स मॅच होत नाही" असं असतं.

आता गंमत बघा, तोच शेठ १९ हजारवाल्या मुलीला असलं काही विचारत नाही. कारण २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ती ईएसआयसीत, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत, येते आणि तिच्या रजेचे पैसे ईएसआयसी देते, शेठच्या खिशातून त्यासाठी वेगळा रुपया जात नाही. दर महिन्याला तिच्या पगाराचा पाऊण टक्का तिच्याकडून आणि सव्वातीन टक्के कंपनीकडून जातात, आणि हे पुरुषांचेही जातात. म्हणजे वीस हजारवाला सीएनसी ऑपरेटर असला तरी त्याचे ६५० रुपये कंपनी भरतेच. बाई घ्या नाहीतर बाप्या घ्या, खर्च सारखाच, मग बाई टाळून मिळणार काय? २१ हजारांच्या वर गेली की मात्र सगळा बोजा त्या एका मालकावर. म्हणजे मुलगी जरा शिकली, प्रमोशन झालं, की ती "रिस्क" होते. माझ्या मते २०१७ च्या कायद्यात खरी चूक हीच, रजा जास्त दिली ही नाही.

आणि हा बोजा एकट्या मालकावर नको हे कोणाला सुचलं नसेल असं अजिबात नाही. २८ जुलै १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. त्यांचा मुद्दा असा, की आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, मालकाला मात्र पूर्ण मोकळं सोडू नये. त्याचा कायदा १९२९ ला झाला. पुढच्याच वर्षी बाबासाहेब आपल्या नाशकात काळारामाच्या सत्याग्रहाला होते, तो सगळ्यांना माहितीये, पाठही असतो, हे भाषण मात्र कोणी सांगत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राने म्हटलं होतं की १५ हजारांपर्यंत पगारवाल्या महिलांसाठी २६ पैकी ७ आठवड्यांचे पैसे मालकाला परत द्यायचा विचार आहे. आमच्या अकाउंट्सला असा एक रुपया परत आलेला मी तरी बघितला नाही.

पाळणाघराचं थोडक्यात सांगते. मी बघितलेल्या एका ठिकाणी खोली होती, भिंतीवर मिकी माऊस, दारावर बोर्ड, आत एक पाळणा आणि पाळण्यात मागच्या वर्षीच्या हजेरीच्या फाईली. कायद्याने आईला दिवसातून चार वेळा बाळाला बघायला जायची मुभा आहे. बघायला बाळ तिथे असायला हवं ना.

आता तुमचा बापाचा प्रश्न. पोस्टातला किंवा रेल्वेतला माणूस बाप झाला तर त्याला १५ दिवस पगारी रजा मिळते, दोनपेक्षा कमी मुलं हयात असतील तर. तुम्ही खाजगीत आहात, तुम्हाला कायद्याने शून्य. २०१७ च्या चर्चेत काही खासदारांनी हा विषय काढला होता, पण विधेयकात आलं काहीच नाही. महिला व बालविकास मंत्री मेनका गांधी त्याच्या आधी, २०१६ मध्ये, संसदेबाहेर बोलून गेल्या होत्या की पुरुषाला ही नुसती सुट्टी होईल, तो काही करणार नाही. राग आला ना? मला पण आला होता, पण असे नवरे मी पाहिलेत हेही खरं, बायको माहेरी आणि हे महाशय गंगापूर रोडला मिसळ खाताना स्टेटस टाकतात. तरी सगळ्यांना एकाच मापात मोजून कायदा कसा करणार? आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्येच पितृत्व रजेचं खाजगी विधेयक मांडलं होतं, ते काही कायदा झालं नाही. मला विचाराल तर बापाला सक्तीची रजा ही बायकांच्याच फायद्याची आहे, कारण मग इंटरव्ह्यूला बसलेल्या पोराबद्दलही शेठला तीच धास्ती राहील.

यात अजून एक मजा. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यसभेत खासदार मनोज झा यांनी पाळीच्या रजेबद्दल विचारलं, तेव्हा त्यावेळच्या महिला व बालविकास मंत्री स्मृती इराणी म्हणाल्या की पाळी हे काही अपंगत्व नाही, आणि ज्यामुळे महिलांना समान संधी नाकारली जाईल असे प्रस्ताव आपण आणू नयेत. म्हणजे रजा दिली की मालक बाईला टाळतो हे सरकारला चांगलं कळतंय. मग तीच भीती २६ आठवड्यांच्या वेळी कुठे गेली होती? त्यावर उपाय का नाही केला? रजा द्यायची नसली की ही भीती आठवते.

आणि पिंपळगाव, दिंडोरीकडे द्राक्षाच्या थिनिंगला, डिपिंगला मुकादमाबरोबर पिकअपमधून जाणाऱ्या बाया या सगळ्या वादात कुठेच नाहीत. त्यांना पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे ५ हजार. अन्नसुरक्षा कायद्यात २०१३ पासून किमान ६ हजार लिहिलेत, ते वेगळंच.

आता कामाचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुना कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण मुख्य गोष्टी त्याच आहेत, त्यामुळे कोणी "आता कायदा बदलला मॅडम" म्हणून घाबरवलं तर ऐकू नका. मिसेसचा पगार ईएसआयसीत असेल तर आधीच्या दोन कॉन्ट्रिब्युशन पिरियडमध्ये (वर्गणीच्या सहा-सहा महिन्यांत) मिळून ७० दिवस भरलेत का ते बघा, ईएसआयसीत नसेल तर कंपनीकडून मिळणार आणि त्यासाठी डिलिव्हरीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं पाहिजे. तारखेआधी जास्तीत जास्त ८ आठवडे घेता येतात, म्हणजे अर्जाची वेळ आत्ताच आहे. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या कॉपीवर इनवर्डचा शिक्का घ्या, व्हॉट्सअॅपवर कळवलं होतं असलं नंतर चालत नाही. मिसेस ठेकेदारामार्फत कामाला असतील आणि त्याने "ब्रेक" द्यायची, म्हणजे मध्येच कामावरून काढायची, भाषा केली तर लक्षात ठेवा, गरोदर असताना काढलं तरी लाभ बुडत नाही, आणि कॉन्ट्रॅक्टची मुदत संपली तरी लाभ चालू राहतो असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलंय. नाहीच ऐकलं तर कामगार उपायुक्त कार्यालयात तक्रार द्या, नुसता कागद गेला तरी बरेच ठेकेदार सरळ होतात. तुमच्यासाठी कायद्यात काही नाही, तेव्हा पीएल, म्हणजे साठलेली पगारी रजा, किती शिल्लक आहे ते आजच टाईम ऑफिसला विचारून घ्या आणि दोन आठवडे आत्ताच मंजूर करून ठेवा, डिलिव्हरीच्या दिवशी फोन करून मागितले तर सुपरवायझर दोन दिवसांवर बोळवण करतो.