एकाच वेळी दाबलेल्या कळा कशा हाताळाव्यात

कीबोर्डवर खेळायचा गेम लिहिताना, उजवा बाण दाबून ठेवलेला असताना स्पेस दाबली की तुमचे पात्र उडी मारते, पण धावायचे थांबते, याचे कारण असे की तुम्ही पात्र थेट 'कळ दाबली' या इव्हेंटमध्येच (प्रोग्रामला मिळणाऱ्या सूचनेतच) हलवत आहात आणि कळ धरून ठेवल्यावर येणारे पुनरावृत्तीचे इव्हेंट फक्त शेवटी दाबलेल्या कळीचेच येतात. त्याऐवजी प्रत्येक कळीची स्थिती एका ॲरेमध्ये (मूल्यांच्या यादीत) ठेवावी. दाबल्यावर ती खरी, सोडल्यावर खोटी करावी आणि हालचालीचा निर्णय गेम लूपमध्ये, म्हणजे गेम चालू असताना सतत फिरणाऱ्या कोडमध्ये, दर फ्रेमला (पडद्यावरील प्रत्येक नव्या चित्राच्या वेळी) ती ॲरे वाचून घ्यावा. उडीसाठी मात्र मागील फ्रेममधील स्थितीही जपावी आणि कळ तेव्हा दाबलेली नसेल तरच उडी द्यावी, नाहीतर कळ धरून ठेवणारा खेळाडू जमिनीला पाय लागताच पुन्हा उडेल. उजवा आणि वरचा बाण एकत्र दाबल्यास तिरका वेग सुमारे 1.41 पट होतो, म्हणून वेगाच्या आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही घटकांना 0.707 ने गुणावे. खिडकीचा फोकस गेल्यावर, म्हणजे खेळाडू दुसऱ्या खिडकीत गेल्यावर, ॲरेमधील सर्व कळा खोट्या करण्यास विसरू नये. कळ सोडल्याचा इव्हेंट न मिळाल्याने आपोआप धावत सुटलेले पात्र मीही बराच काळ भलत्याच ठिकाणी दुरुस्त करत बसलो होतो. एवढे करूनही तीन कळांचे एखादे विशिष्ट संयोजन ओळखले जात नसेल, तर दोष बहुधा कीबोर्डच्या अंतर्गत जोडणीचा असतो. अशा वेळी खेळाडूला कळा बदलण्याची सोय द्यावी.