केबीसीची उत्तरं आधीच सांगितलेली असतात का? आणि साधा माणूस हॉट सीटपर्यंत पोचतो कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, एक म्हणजे एवढी वर्षं चाललेला हा शो स्क्रिप्टेड आहे का, आणि दुसरी म्हणजे ओळख-पाळख नसताना निवड होते का. थोडक्यात सांगायचं तर उत्तरं कोणी सांगत नाही, पण माणसं मात्र विचार करून निवडतात. लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मग "सगळं फिक्स असतं" म्हणून मोकळे होतात. मी शाळांच्या प्रश्नमंजुषांसाठी प्रश्न काढतो आणि मामेबहिणीचा साथीदार म्हणून मराठी 'कोण होणार करोडपती'च्या सेटवर बसलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी फिक्सिंगचं बघू. क्विझ शो फिक्स झालेत, नाही असं नाही. अमेरिकेत १९५६ मध्ये 'ट्वेंटी-वन' नावाच्या शोमध्ये चार्ल्स व्हॅन डोरेन नावाच्या देखण्या प्राध्यापकाला उत्तरं आधी दिली जायची आणि त्याच्या आधीच्या विजेत्याला, हर्ब स्टेंपेलला, मुद्दाम हरायला लावलं होतं, पुढे ते संसदेच्या चौकशीपर्यंत गेलं आणि १९६० मध्ये तिथे क्विझमध्ये असा घोळ करणं हा कायद्याने गुन्हा झाला. ज्या ब्रिटिश शोवरून केबीसी आलं तो १९९८ ला सुरू झाला, म्हणजे हा सगळा इतिहास माहीत असलेल्या लोकांनी तो बनवलाय. मूळ फॉरमॅटमध्ये उत्तर लॉक होईपर्यंत होस्टच्या स्क्रीनवर बरोबर उत्तर येतच नाही, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायचा प्रश्नच येत नाही. तरी २००१ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स इंग्रॅम नावाच्या आर्मी मेजरने दहा लाख पौंड जिंकले आणि नंतर रेकॉर्डिंग ऐकताना लक्षात आलं की तो पर्याय वाचत जायचा आणि बरोबर पर्याय आला की फास्टेस्ट फिंगरच्या, म्हणजे हॉट सीटसाठीच्या निवड फेरीच्या, सीटवर बसलेला एक जण खोकायचा. चेक थांबवला, केस झाली, २००३ मध्ये तो, त्याची बायको आणि तो खोकणारा तिघंही दोषी ठरले. हे मी एवढ्यासाठी सांगतोय की ती फसवणूक चॅनलची नव्हती, स्पर्धकाने चॅनलची केली होती आणि चॅनलवाल्यांनीच ती पकडली. शोची सगळी किंमत त्या एका विश्वासावर उभी आहे, तो गेला की जाहिराती गेल्या, मग एका माणसाला कोटभर मिळवून देण्यासाठी ते हा धोका का घेतील?

आता निवड. २००० साली ३ जुलैला स्टार प्लसवर पहिला एपिसोड आला तेव्हा फोन लाइनवर लोक तुटून पडायचे, नंतर एसएमएस आले, आता अ‍ॅप. रोज रात्री टीव्हीवर एक प्रश्न, असे काही दिवस रजिस्ट्रेशन चालतं आणि बरोबर उत्तर देणाऱ्यांमधून कॉम्प्युटर काही नावं उचलतो. इथे निव्वळ नशीब, कारण प्रश्न सोपा असतो आणि बरोबर उत्तर देणारे लाखोंनी असतात. पुढे फोन येतो आणि फोनवर प्रश्न विचारतात, मग ऑडिशन, त्यात सामान्य ज्ञानाची टेस्ट आणि कॅमेऱ्यासमोर मुलाखत. २०२० मध्ये कोविडमुळे हे सगळं पहिल्यांदा मोबाईलवरच झालं.

त्या मुलाखतीत माणसं निवडली जातात. तुम्ही कुठले, घरात कोण कोण, पैसे मिळाले तर काय करणार, हे विचारतात आणि तुम्ही ते कसं सांगता ते बघतात. सोनीवर आल्यापासून तर हे फार स्पष्ट दिसतं. २०१० ची जाहिरातीची ओळ होती 'कोई भी सवाल छोटा नहीं होता' आणि पुढच्याच वर्षी ती झाली 'कोई भी इंसान छोटा नहीं होता', म्हणजे शोचं लक्ष सवालावरून माणसावर आलं. त्याच २०११ मध्ये मोतिहारीचा सुशील कुमार, महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास पगार असलेला कॉम्प्युटर ऑपरेटर, पाच कोटी जिंकला. शेवटचा प्रश्न होता की १८६८ मध्ये निकोबार बेटांचे हक्क इंग्रजांना विकून कोणती वसाहतवादी सत्ता तिथून बाहेर पडली, उत्तर डेन्मार्क. त्याची गोष्ट चॅनलला हवीच होती हे मला मान्य आहे, पण डेन्मार्क त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत दीड हजार रुपये महिन्यावर पोरांना खिचडी शिजवून घालायच्या, २०१९ मध्ये एक कोटी जिंकल्या. कोल्हापूरच्या कविता चावला, बारावीपर्यंत शिकलेल्या गृहिणी, २०२२ मध्ये. या बायकांबद्दल "गरीब दाखवायचं होतं म्हणून जिंकवलं" असं लोक लिहितात तेव्हा मला खरंच राग येतो. गोष्ट चांगली म्हणून त्यांना बोलावलं असेल, पण कोटीपर्यंतच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांची त्यांनी दिलीत.

बोलावलं म्हणजे सीट मिळाली असंही नाही. फास्टेस्ट फिंगरला साधारण दहा जण असतात, चार गोष्टी योग्य क्रमाने लावायच्या, सगळ्यात कमी वेळात बरोबर लावेल तो वर. माझी मामेबहीण याचीच तयारी करून गेली होती. कागदावर ए बी सी डी ची बटणं काढायची, घड्याळ लावायचं आणि घरातलं कोणीही चार सिनेमे, चार नद्या, चार लढाया सांगेल त्या क्रमाने लावायच्या. ती म्हणायची की चारही गोष्टी माहीत असायची गरज नाही, पहिली आणि शेवटची पक्की झाली की मधल्या दोघींत फक्त एकच शंका उरते. सेटवर मी बघितलं ते असं की ज्ञानात तिच्यापेक्षा वरचढ लोक तिथे होते पण बटणावर हात थरथरत होते. एसी प्रचंड, लाइट डोळ्यावर, आणि ते म्युझिक. त्या म्युझिकची गंमत म्हणजे मूळ शोमध्ये वरच्या प्रश्नांना प्रत्येक पायरीला सूर अर्ध्या स्वराने वर चढत जातो, आपल्याला कळत नाही पण छातीत धडधड वाढते. केबीसीच्या त्या म्युझिकला २०१९ मध्ये अजय-अतुलनी नवा साज दिलाय, तो सेटवरच्या स्पीकरवर ऐकताना अंगावर काटा येतो.

आता माझ्या मते या शोचा खरा गाभा, तो म्हणजे पैशांची शिडी. २०१९ ची शिडी घ्या, १००० पासून सुरू, १०,००० ला पहिला पडाव (म्हणजे पुढे चुकलात तरी तेवढे पक्के), ३,२०,००० ला दुसरा, मग ६.४० लाख, १२.५० लाख, २५ लाख, ५० लाख, १ कोटी आणि शेवटी ७ कोटी. समजा तुमच्याकडे २५ लाख आहेत आणि ५० लाखांचा प्रश्न समोर आहे. क्विट केलंत तर २५ लाख घरी. चुकलात तर ३.२० लाख, म्हणजे २१.८० लाख गेले. बरोबर आलं तर २५ लाख वाढले. म्हणजे स्वतःच्या उत्तराची खात्री ४७ टक्क्यांच्या वर असेल तर गणित म्हणतं खेळा. फिफ्टी-फिफ्टी घेऊन दोन पर्याय उरले आणि काहीच माहीत नसलं तरी ५० टक्के होतात! पण ज्याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, पोरीचं शिक्षण आहे, तो ते खेळेल का? नाही खेळणार आणि खेळूही नये, कारण त्याला आयुष्यात ही संधी एकदाच मिळणार आहे, सरासरी काढायला शंभर वेळा नाही.

सात कोटींना तर हे आणखी टोकाला जातं. हातात १ कोटी, चुकलं तर ९६.८० लाख गेले, बरोबर आलं तर ६ कोटी वाढले. हिशोब केला तर १४ टक्के खात्री पुरते, म्हणजे डोळे मिटून चारातलं एक दाबलं तरी कागदावर फायदा. तरीही कोटीवर पोचलेली माणसं तिथे हात जोडून उठतात. घरी सोफ्यावर बसून "अरे खेळायचं ना" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा स्वतःच्या पगाराने करून बघावा. बबिताताईंनी एक कोटीवर थांबायचं ठरवलं ते मला त्यांच्या कुठल्याही उत्तराइतकंच हुशारीचं वाटतं. चॅनललाही हे माहितीये, म्हणून २०२२ मध्ये त्यांनी ७५ लाखांचा एक नवा पडाव घातला, त्यामुळे १ कोटीचा प्रश्न चुकला तरी ७५ लाख पक्के, आणि लोक त्या प्रश्नाला निर्धास्त खेळायला लागले.

प्रश्न काढण्याबद्दल एक सांगतो कारण ते माझं रोजचं काम आहे. प्रश्न अवघड होतो तो पर्यायांमुळे. पहिला करोडपती आपला मुंबईचा हर्षवर्धन नवाथे, २००० साली, यूपीएससीची तयारी करत होता. त्याचा कोटीचा प्रश्न होता की संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची परवानगी राज्यघटना यांपैकी कोणाला देते. उत्तर अ‍ॅटर्नी जनरल. आता शेजारी सॉलिसिटर जनरल, कॅबिनेट सेक्रेटरी आणि सरन्यायाधीश ठेवले की बघा काय होतं, चौघंही मोठ्या पदावरचे, चौघंही दिल्लीतले, आणि सॉलिसिटर जनरल तर अगदी सख्खा भाऊ वाटावा असा. ज्याने ८८ वं कलम वाचलंय त्याला पाच सेकंद, बाकीच्यांना जन्मभर विचार केला तरी नाही येणार. असा प्रश्न काढता यावा ही माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे.

लाइफलाइन दर सीझनला बदलतात, त्यावर जास्त लिहीत नाही. एवढंच की ऑडियन्स पोल सिनेमा, खेळ, खाणं-पिणं अशा प्रश्नांना वापरून टाकावा, वरच्या प्रश्नांना हॉलमधले लोकही तुमच्याइतकेच अंधारात असतात आणि मग बारचे चार खांब जवळपास सारखे दिसतात.

टॅक्सचं कोणी विचारत नाही पण विचारायला हवं. अशा बक्षिसावर सरसकट ३० टक्के, स्लॅब नाही, कुठलीही वजावट नाही, वर सरचार्ज आणि सेस. एक कोटीवर मिळून ३४ टक्क्यांच्या थोडं वर जातात, त्यातले ३० टक्के आधीच कापून घेतात आणि बाकीचे नंतर भरावे लागतात, म्हणजे शेवटी हातात साधारण ६५-६६ लाख. गावातले नातेवाईक मात्र पूर्ण कोटीच धरून चालतात आणि जिंकलेल्या माणसाचा निम्मा त्रास तिथून सुरू होतो.

तुम्हाला जायचं असेल तर रजिस्ट्रेशन सुरू झाल्याची घोषणा चॅनलवरच होते. हिंदी बोलायला अडखळत असाल तर मराठी शोचं रजिस्ट्रेशन निघतंय का त्यावरही लक्ष ठेवा. २०१३ मध्ये सचिन खेडेकरांनी मराठीत सुरू केला, २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळेंनी केला, नंतर परत खेडेकर. ऑडिशनला पाठ केलेलं भाषण करू नका, तुमच्या कामाबद्दल बोला, शिवणकाम करत असाल तर शिवणकामाबद्दल.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "केबीसीची २५ लाखांची लॉटरी लागली, प्रोसेसिंग फी भरा" असा मेसेज आला, सोबत बच्चनसाहेबांचा फोटो असला तरी, तो चोराचा आहे. केबीसी लॉटरी काढत नाही, सहभागी व्हायला किंवा बक्षीस द्यायला पैसे मागत नाही, कोणी भरलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हा नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करून द्या.