आकडा खोक्यावरचा नको, स्टिकरवरचा वाच

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर सावळजजवळ मळ्यात. द्राक्षाचे पैसे आले की गेमिंग पीसी घ्यायला वडील तयार आहेत. रायझन 5 5600 प्रोसेसर आणि आरटीएक्स 4060 ग्राफिक कार्ड ठरलंय. एक दुकानदार म्हणतो, कॅबिनेटबरोबर 450 वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) फुकट देतो. दुसरा म्हणतो, 850 च्या खाली जमणारच नाही. आमच्याकडे पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की स्टॅबिलायझरच्या मीटरवर 170 व्होल्ट दिसतं. काय घेऊ?
— एक वाचक, ता. तासगाव

उत्तर : दोघांचंही ऐकू नकोस. फुकटातला तर घरात आणूच नकोस. 850 चा आणलास तर बिघडणार काही नाही, पण पैसा वर्षभराच्या बागेचा आहे, आणि त्याला याहून चांगली जागा आहे. ती पुढे सांगते.

आधी हिशोब. 4060 ला एनव्हिडियाने 115 वॅट सांगितलेत. 5600 प्रोसेसर पूर्ण ताणावर 76 वॅटच्या आसपास जातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांना सढळ हाताने 60 धर. झाले अडीचशे. कार्ड क्षणभर याच्या वर उडी मारतं, म्हणून मोकळी जागा ठेवायची. एनव्हिडिया स्वतः या कार्डासाठी 550 वॅटचा एसएमपीएस सुचवते. तेवढा तुला पुरेसा आहे. दोन-तीन वर्षांनी 4070 सारखं 200 वॅटचं कार्ड टाकायचा विचार असेल आणि किमतीत फार फरक नसेल, तर 650 घे. त्याच्या वर जायचं कारण मला दिसत नाही.

पण 550 म्हणजे कोणाचे 550? खरी गोष्ट इथे आहे. माझ्या टेबलावर कॅबिनेटबरोबर आलेले डबे सारखे दुरुस्तीला येतात. परवाच्या एकाच्या खोक्यावर ठसठशीत 450 वॅट. अंगावरच्या स्टिकरवर 12 व्होल्टच्या रकान्यात 14 अँपिअर. गुणाकार कर : 168 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही 12 व्होल्टवरच चालतात, म्हणजे तुझ्या पीसीच्या कामाचे एवढेच. बाकीचा आकडा 3.3 आणि 5 व्होल्टच्या बेरजेने फुगवलेला. पत्रा काढला तर इनपुट फिल्टरची कॉइल जिथे बसायची ती जागा रिकामी, आणि तिथे वायरचा तुकडा डाग देऊन जोडलेला. हातात घेतला तरी वजनावरून कळतं. असा डबा जाताना एकटा जाईलच असं नाही, मदरबोर्ड आणि कार्डही बरोबर नेऊ शकतो. चांगल्या 550 च्या स्टिकरवर 12 व्होल्टला 45 अँपिअरच्या आसपास दिसेल. दुकानात खोकं उघडायला लाव आणि तो रकाना स्वतः वाच. वाचू दिला नाही तर दुकान बदल.

80 प्लसचा शिक्का बघ, पण त्याचा अर्थ समजून घे. तो भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पीसीला पोचते एवढंच सांगतो; त्यातली ब्राँझ पायरी म्हणजे अर्ध्या लोडवर 85 टक्के. शॉर्ट झालं, व्होल्टेज चढलं, तर डबा स्वतःला बंद करतो का, हे त्यात येत नाही. त्यासाठी खोक्यावर ओव्हरव्होल्टेज, ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट संरक्षण लिहिलंय का पाहा, आणि 5 वर्षांची वॉरंटी पक्क्या बिलावर घे. तुझ्या बजेटला ब्राँझ पुरे, वरच्या गोल्डसाठी अडून बसू नकोस.

आता तुझ्या 170 कडे येते, कारण तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. स्टिकरवर एसी इनपुट अशी एक बारीक ओळ असते. काही स्वस्त मॉडेलवर तिथे 200 ते 240 व्होल्ट असतं. सांगलीत विश्रामबागेत ते चालून जाईल. मळ्यात, डीपीवर मोटारींचा लोड आला की नाही चालणार. तुला 100 ते 240 लिहिलेलाच हवा. अशा डब्यात अॅक्टिव्ह पीएफसी, म्हणजे येणारी वीज सावरून घेणारं सर्किट, असतो, तो 170 वरही शांतपणे काम करतो, फक्त करंट जास्त ओढतो. मागे 115 आणि 230 चं लाल बटण दिसलं तर समज की अॅक्टिव्ह पीएफसी नाही, आणि तो डबा परत ठेव.

वाचलेले पैसे इथे घाल. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइनवेव्ह, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत वीज देणारा, आहे ना, ते पाहा. स्क्वेअरवेव्हवर अॅक्टिव्ह पीएफसीचे डबे गुणगुणतात, कधी चालत्या गेममध्ये पीसी बंद पाडतात. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस सुमारे 16 मिलिसेकंद दम धरतो. तेवढ्यात इन्व्हर्टरने भार उचलायला हवा. म्हणून इन्व्हर्टरवरचं बटण यूपीएसवर ठेव, नॉर्मलवर नको. मात्र यूपीएसवर ठेवलं की साधारण 180 च्या खाली तो बॅटरीवर जातो, म्हणजे मोटारींच्या वेळेत तुझी बॅटरी उतरत राहील. तेव्हा इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर राहू दे. आणि मीटरजवळ ओव्हरव्होल्टेजला लाइन तोडणारं प्रोटेक्टर बसवून घे. न्यूट्रल तुटला तर घरात 300 च्या वर व्होल्टेज येऊ शकतं, त्याला साधा स्पाइकगार्ड पुरा पडत नाही.

अर्थिंग तपासल्याशिवाय पीसी चालू करू नकोस. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, अशी तक्रार वाड्यावस्त्यांवरून फार येते आणि दोष एसएमपीएसवर टाकला जातो. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा करंट पत्र्यावर सोडतात, तो अर्थिंगमधून निघून जायला हवा. अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर शंभर-सव्वाशे व्होल्ट तरंगत राहतात. वायरमनकडून मल्टिमीटर लावून घे : फेज ते अर्थ 230 च्या जवळ, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट.

कार्डाला एसएमपीएसमधून आलेली 8 पिनचीच वायर लाव. मोलेक्स या जुन्या 4 पिनच्या वायरवरून 8 पिन करणारे जोड वितळलेले मी पाहिलेत. आणि पीसी बेदाण्याच्या शेडशेजारच्या खोलीत ठेवू नकोस. गंधकाचा धूर दमट हवेत धातू खातो.

प्रश्न : नवीन एसएमपीएसचा पंखा फिरतच नाही. पीसी मात्र व्यवस्थित चालतोय. परत करू का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : थांबा. बऱ्याच नव्या मॉडेलमध्ये लोड कमी असताना पंखा मुद्दाम बंद ठेवतात. अर्धा तास जड गेम चालवा आणि मागच्या जाळीवर हात धरा. वारा आला तर सगळं ठीक. नाही आला आणि पत्रा चटका देत असेल, तर बिल घेऊन दुकानात जा. घरी उघडून पाहू नका. वायर काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर काही वेळ 300 व्होल्टच्या वर भरलेला राहतो, आणि सील तुटलं की वॉरंटीही जाते.